‘हरकत नाही’ ते ‘हक्क आहे’: महाडच्या तळ्याची १३ वर्षं



वॉटर्लूसारख्या गावात राहायला आलं की वर्षभरात सिटी हॉलशी संबंध येतोच. लायब्ररीचं कार्ड, मुलांचे पोहण्याचे क्लास, पाण्याचं बिल, प्रॉपर्टी टॅक्स. आणि सिटीची वेबसाइट उघडा नाहीतर नोकरीची जाहिरात वाचा, ‘समता’, ‘विविधता’, ‘सर्वांना सामावून घेणं’ हे शब्द हटकून समोर येतात.

यावर आपल्या मंडळींत साधारण दोन मतं ऐकू येतात. पहिलं: “बघा, हे लोक किती पुढे गेलेत. आपल्याकडे नगरपालिकेत कोण विचारतंय समता वगैरे?” दुसरं: “ही सगळी गोऱ्यांची फॅडं. आपण टॅक्स भरतो, आपल्याला काय करायचंय?” दोन्ही पक्ष एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघांनीही धरून चाललेली असते: हा विषय मुळात पश्चिमेकडचा आहे.

माझा पेशा कॉम्प्युटरचा, इतिहास ही आवड. पण जे काही वाचलंय त्यावरून एवढं नक्की सांगू शकतो की ‘नगरपालिकेची सेवा सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे’ हा वाद मराठी मुलखात १०० वर्षांपूर्वी रस्त्यावर, सभेत आणि कोर्टात लढला गेला आहे. तोही इतक्या बारकाव्यांनिशी की आजच्या कुठल्याही सिटी काउन्सिलने त्यावरून धडा घ्यावा.

शाळेच्या पुस्तकात आपण एक ओळ पाठ केली होती: १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. मार्क मिळाले, विषय संपला. पण त्या ओळीतून एक गंमतीची (खरं तर अजिबात गंमत नसलेली) गोष्ट गळून जाते. ते तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं होतं, आणि नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव तीन वर्षं आधीच केला होता! मग सत्याग्रह कशाला करावा लागला? आजचं हे टिपण त्या प्रश्नापुरतंच.

पैसा कोणाचा?

सुरुवात थोडी मागून करू या. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला १००० रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. विरोधात मत देणारे फुले एकटे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे घरचा हौद आणि नगरपालिकेची तिजोरी, दोन्हीकडे प्रश्न एकच: ज्यांच्या कष्टावर हे चालतं त्यांना यातलं काय मिळतं?

पुढचं नाव छत्रपती शाहू महाराजांचं. १९०२ च्या ५० टक्के राखीव जागांच्या हुकुमाबद्दल सगळेच बोलतात. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते १९१९ चे हुकूम. सरकारी दवाखाने, शाळा, विहिरी, धर्मशाळा, कचेऱ्या, कुठेही अस्पृश्यांना वेगळं वागवायचं नाही. आणि ज्या अंमलदाराला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. शाहू महाराजांनी नुसती सदिच्छा व्यक्त केली नाही. काम कोणाचं, मुदत किती आणि न केल्यास काय, हे तिन्ही हुकुमात होतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्या मित्रांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्थात ते संस्थान होतं, राजाचा शब्द होता. ब्रिटिश मुंबई इलाख्यात असं एका सहीने होणारं नव्हतं. तिथे कायदेमंडळ आणि निवडून आलेल्या नगरपालिका होत्या. खरी परीक्षा तिथेच झाली.

बोले ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. रावबहादूर बोले हे भंडारी समाजातले, मुंबईतले समाजसुधारक आणि कामगार पुढारी. ठरावाचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी, तसंच सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली सर्व पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत.

यात देवाधर्माचा मुद्दा नाही, दयेचा नाही, पुण्याचा तर नाहीच नाही. मुद्दा एवढाच की पैसा सार्वजनिक आहे ना? मग सेवाही सार्वजनिक. फुल्यांचाच प्रश्न ४० वर्षांनी ठरावाच्या भाषेत आला.

सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने यावर आदेश काढला. सरकारी खात्यांना सांगितलं: अंमल करा. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत कलेक्टरांना एवढंच कळवलं, की ही शिफारस स्वीकारणं इष्ट आहे का याचा विचार करण्याचा सल्ला आपल्या भागातल्या संस्थांना द्यावा. वाक्य पुन्हा एकदा वाचा. विचार करण्याचा सल्ला द्यावा! कोल्हापूरचे सहा आठवडे कुठे आणि हा सल्ला कुठे.

बोले यांच्याही हे लक्षात आलं असणार. कारण तीन वर्षांनी, ऑगस्ट १९२६ मध्ये, त्यांनी दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे पाळणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. पहिल्या ठरावाने पुष्कळ ठिकाणी काही हललं नव्हतं, हाच याचा अर्थ.

महाडचा ठराव

महाड म्हणजे तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातलं सावित्रीकाठचं बाजाराचं गाव. ५ जानेवारी १९२४ रोजी तिथल्या नगरपालिकेने ठराव केला: अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करायला नगरपालिकेची हरकत नाही.

या निर्णयामागचं नाव सुरेंद्रनाथ टिपणीस. सीकेपी समाजातले, नगरपालिकेचे अध्यक्ष, पुढे आंबेडकरांचे जवळचे सहकारी. माणूस प्रामाणिक होता, ठरावही प्रामाणिक होता. पण तळं गावाच्या मधोमध, भोवती सवर्णांची वस्ती. पहिला घडा भरायला जाणाऱ्या माणसाला कोण सांभाळणार, मारहाण झाली तर कोण उभं राहणार, यावर ठरावात काही नव्हतं. ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. सगळी जोखीम घडा घेऊन जाणाऱ्याची. परिणामी ठराव दप्तरात राहिला आणि तीन वर्षं एकही घडा भरला गेला नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटमध्ये फीचर होतं, चालू कोणी केलंच नव्हतं.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण कार्यकर्ते, अनंतराव चित्रे, टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशी मंडळी त्यामागे होती. आंबेडकर अध्यक्ष, तेव्हा ते कायदेमंडळाचे नुकतेच नेमलेले सदस्य होते. गावोगावहून लोक आले. आणि या परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. नगरपालिकेचा ‘हरकत नाही’ असा ठराव असलेल्या गावात! धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्रात हा तपशील आहे. मला तरी तो मोठमोठ्या भाषणांपेक्षा जास्त लागतो.

दुसऱ्या दिवशी आंबेडकरांच्या मागे सगळी परिषद शिस्तीत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. झालं, जमाव काठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांना मारहाण झाली. पुढे खटला होऊन पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचं काय केलं? १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं.

इथपर्यंत अनेकांना माहीत असतं. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही.

ठराव मागे घेतला

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा पहा: बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

म्हणजे ठराव कागदावर होता तोपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. लोकांनी तो खरोखर वापरला आणि मग तो रद्द झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. समतेच्या धोरणाची परीक्षा ते मंजूर होतं त्या दिवशी नसतेच. कोणीतरी ते वापरायला जातो त्या दिवशी असते.

आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. विरोधकांनी या वेळी कोर्टाची वाट धरली. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा: तळं सार्वजनिक नाही, आमच्या खासगी मालकीचं आहे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळालाही. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरवून आंबेडकरांनी पाणी घेणं स्थगित केलं. हजारो माणसं चिडलेली, समोर तळं आणि तरीही मिरवणूक तळ्याला वळसा घालून पाण्याला न शिवता परतली. पाणी प्यायला जितकं धैर्य लागलं तितकंच यालाही लागलं असणार.

मग सुरू झाली कोर्टाची वारी. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. महाडच्या कोर्टाचा निकाल जून १९३१ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने. ठाण्याला अपील, ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळलं. तिथून मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. (हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश.)

“आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलंय” हे वाक्य आपण किती सहज वापरतो! हायकोर्टाने त्यावर एवढंच विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, आणि पुरावा काय? उत्तर नव्हतं.

जानेवारी १९२४ ते मार्च १९३७. सार्वजनिक तळ्यातलं ओंजळभर पाणी घेण्याचा हक्क कायद्याने पक्का व्हायला १३ वर्षं लागली.

हे फक्त आपल्याकडेच का?

आता पहिल्या पक्षाला थोडं उत्तर. वॉटर्लूहून ४०१ हायवेने नैऋत्येला निघालं की दोन-अडीच तासांवर ड्रेस्डेन नावाचं लहानसं गाव लागतं. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेल्या लोकांची ही जुनी वस्ती. ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते जोसाया हेन्सन याच भागात स्थायिक झाले. एवढा अभिमानाचा वारसा असलेल्या या गावात दुसऱ्या महायुद्धानंतरही काही रेस्टॉरंटांमध्ये काळ्या माणसांना बसू देत नसत.

युद्धावरून परतलेले ह्यू बर्नेट नावाचे काळे सुतार आणि त्यांच्या साथीदारांनी टाउन काउन्सिलकडे मागणी केली: रेस्टॉरंटांना लायसन्स देताना भेदभाव न करण्याची अट घाला. काउन्सिलने काय केलं? गावाचं मत घेतलं. डिसेंबर १९४९ मध्ये सार्वमत झालं. बाजूने १०८, विरोधात ५१७.

हक्काचा प्रश्न बहुमतावर सोडला की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. महाडला निदान ठराव तरी झाला होता. शेवटी गावाच्या वर जाऊन ओंटारिओ सरकारला १९५४ साली कायदा करावा लागला. तरीही एका रेस्टॉरंट मालकाने तो मानला नाही. १९५६ मध्ये त्याची शिक्षा कोर्टात कायम झाल्यावरच तिथे काळ्या माणसांच्या पुढ्यात जेवण आलं. बर्नेट यांना मात्र गावातला धंदा बसल्यामुळे ओंटारिओतल्या लंडन शहरात जावं लागलं. किंमत मोजणारा माणूस इथेही तोच.

आणि अगदी आपल्या पायाखालचं बोलायचं तर वॉटर्लू हे गाव ज्या जमिनीवर आहे ती १७८४ साली ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांना सहा-सहा मैल अशी सिक्स नेशन्सच्या लोकांना देण्याचं लेखी वचन गव्हर्नर हाल्डिमंड यांनी दिलं होतं. त्यातला अगदी लहान तुकडा आज त्यांच्याकडे आहे. याच नदीवर खालच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वस्तीत २०१० च्या दशकात नवं जलशुद्धीकरण केंद्र झालं, पण त्यानंतरही कित्येक वर्षं बहुतेक घरांपर्यंत त्याची पाइपलाइन पोचलेली नव्हती. कागद आणि नळ यांच्यातलं अंतर ही काही फक्त महाडची खासियत नाही. त्यामुळे “हे लोक पुढे गेलेत” म्हणताना जरा दमानं.

मग आपलं काय?

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे ‘आपल्याला काय करायचंय’वाल्यांकडे.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअॅटल सिटी काउन्सिलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली; मतं ६ विरुद्ध १. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या आणि एके काळी आपल्यासारख्याच सॉफ्टवेअर इंजिनियर. पुढच्याच महिन्यात टोरांटोच्या स्कूल बोर्डाने जातिभेदाचा प्रश्न ओंटारिओ मानवी हक्क आयोगाकडे नेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने स्पष्ट केलं की जातीवरून होणारा भेदभाव इथल्या मानवी हक्क कायद्याच्या कक्षेत येतो.

तेव्हा आपल्या घरगुती बैठकांमध्ये काय काय ऐकायला मिळालं ते आठवा. “इथे कुठे जात आहे?” “उगाच आपली बदनामी.” “आम्ही तर कधी विचारतसुद्धा नाही.” बदनामीची भीती मी समजू शकतो. आडनावावरून उद्या ऑफिसात कोणी भलते प्रश्न विचारेल ही काळजीही खोटी नाही, आणि नियम लिहिताना तिचा विचार व्हायलाच हवा. पण “आम्ही विचारत नाही” यात मला महाडचं “हरकत नाही” ऐकू येतं. तळ्याकाठी ज्याचं घर आहे त्याला पाण्याचा प्रश्न दिसत नाही, कारण त्याचा घडा रोज भरतो. पहिल्या भेटीत आडनाव, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही नक्की कुठले?” ही उतरती चौकशी ज्याने कधी अंगावर झेलली नाही, त्याने “इथे जात नाही” असा निकाल देऊ नये. जो झेलतो त्याला विचारावं.

भारतीय राज्यघटनेचं कलम १५(२) एकदा वेळ काढून वाचा. शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. बोले ठरावाचीच ही भाषा, फक्त आता ती शिफारस राहिली नाही, मूलभूत हक्क झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते सांगायला नकोच. ज्यांना पाण्यासाठी १० वर्षं कोर्टात जावं लागलं, त्यांच्याच देखरेखीखाली हे कलम लिहिलं गेलं. विहिरी आणि तलाव हे शब्द राज्यघटनेत का आहेत, असा प्रश्न पडलेल्यांना उत्तर महाडला मिळेल.

तेव्हा सिटी हॉलच्या पुढच्या धोरणाचा कागद हातात आला की टाळ्याही नकोत आणि नाकं मुरडणंही नको. तीन प्रश्न विचारू या. हे काम नावानिशी कोणाचं? नाही झालं तर काय? आणि पहिला घडा भरायला जाणाऱ्याच्या शेजारी कोण उभं राहणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कोल्हापुरात १९१९ सालीच लिहून झाली आहेत. तिसऱ्याचं उत्तर टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे आणि फत्तेखान यांनी आपापल्या परीने दिलं. यातले पहिले तिघे सवर्ण घरांतले, चौथ्याचा या भांडणाशी वरकरणी संबंध नव्हता. त्यांना कोणी विचारलं असतं, “तुम्हाला काय करायचंय?” तर प्रश्न चुकीचा ठरला नसता. पण ते उभे राहिले.

असो. टिपण लांबलं. महाड मुंबई-गोवा हायवेवर आहे. सुट्टीत कोकणात जाताना रायगडासाठी थांबतोच आपण. अर्धा तास जास्त काढून तळ्यावरही जाऊन या, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना ४० रुपयांच्या पाण्याची गोष्ट सांगा.

वॉटर्लूहून सर्वांना नमस्कार.